स्वभाव मोजणाऱ्या बाई

माणसाचा स्वभाव मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या समुपदेशक बाईंना पाहिलेलं नसणार. गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या आश्रमशाळेत त्या ऊर्जानगरच्या वीजकेंद्र वसाहतीतून कंत्राटावर आल्या, त्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊनच. 'कधीच नाही', 'कधी कधी', 'नेहमी' अशा खुणा करत त्या वयात येणाऱ्या पोरापोरींची सामाजिक कौशल्यं आणि समस्या-वर्तनं मोजायच्या. मी तिथली शिक्षिका, त्यांच्याच खोलीत राहायची, म्हणून मीही सुटले नाही. माझं घोरणं त्यांनी 'नेहमी'मध्ये टाकलं होतं. शाळेच्या आवारात शिरणाऱ्या बोकडात तर त्यांना नेतृत्वगुण दिसायचे.

ती प्रश्नावली कुठल्याशा दूरच्या शहरातल्या मुलांसाठी बनलेली. 'बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो' याला तिच्यात भरपूर गुण. आमची गोंडी बोलणारी पोरं मोठ्या माणसापुढे नजर खाली ठेवतात, तीच त्यांची रीत. पण बाईंनी जिद्दीनं सगळ्या वसतिगृहाला रोखून बघायला शिकवलं. रविवारी भेटायला आलेले एक आजोबा आठवीतल्या नातीची ती नजर पाहून हादरलेच. "बाई, पोरगी माह्यावर काऊन चिडून राह्यली? मी तं तिच्यासाठी रानातली गोड टेंभरं आणली!" बाईंनी तिथल्या तिथे स्वतःचे कान पकडले आणि त्या प्रश्नावर काट मारली. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या प्रश्नावली खोलीत ठेवून नुसत्या पोरांत जाऊन बसू लागल्या.

त्या नातीचा मात्र त्यांना फारच लळा लागला. ती कुणाशी भांडायची नाही, पण आपणहून कुणाशी बोलायचीही नाही. बाई तिच्या शेजारी तासन्‌तास बसायच्या. मला म्हणायच्या, "मी जायच्या आंधी ही माह्याशी एकदा तरी आपल्या मनानं बोलली पाहिजे न वं." मी हसायची, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं.

कंत्राट संपलं. मुलगी काही बोलली नाही. बाई मला मिठी मारून बसमध्ये चढल्या आणि त्या दिवसापासून खोली मला खायला उठली. घोरणं ऐकायलाही कुणी उरलं नव्हतं.

काही दिवसांनी ती मुलगी आपणहून दारात आली. नजर खाली ठेवूनच म्हणाली, "बाईले फोन लावता?" मी लावून तिच्या हातात दिला.

"बाई, तुमी वापस कवा येता?"

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मुलगी फोन कानाशी घट्ट धरून हळूच म्हणाली, "रडू नका न, बाई."

इकडे मलाही आवरेना.