छज्ज्याखालची भिंत

आमच्या गढा मोहल्ल्यातल्या गल्लीवरून ड्रोन उडवून गेलेला सर्वेवाला आठवड्यानं पुन्हा आला, नकाशा ताडून बघायला. गळ्यात टॅब, खिशात ओळंबा. नाव मी विचारलंच नाही. नकाशात माझं घर शेजारणीच्या अंगणात शिरलेलं होतं. मला ते दिसलं आणि मी गप्प बसलो.

त्यानं माझ्या छज्ज्याच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि तो हलायचा थांबेपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "काकाजी, ड्रोनला वरून छज्जा दिसते, भिंत नाही दिसत. कॅमेरा कितीही भारी असू द्या, खाली येऊन पाहाच लागते. जरा टेपचं टोक भिंतीला धरता का?"

मी धरलं, पण भिंतीपासून चार बोटं अलीकडे. तेवढंच अंगण आपल्याकडे.

तो उठला. त्यानं माझा अंगठा भिंतीला टेकवला, परत ओळंब्यापाशी जाऊन माप वाचलं. दीड फूट. "चलो, अब ठीक है." जाताना नमस्कारही केला.

ड्रोन दीड फुटानं चुकला होता, मी चारच बोटांनी. पण ड्रोनला भिंत दिसत नव्हती.