दुसऱ्या बाजूचा ब्रेक

बाळांनो, पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा चपला काढायच्या आधी आजोबांचा मालडबा बघायला धावाल. धाकटीने परवा फोनवर तसं सांगितलंच. म्हणून हे आत्ताच लिहिते. समोर सांगायला जमणार नाही, आणि गेले चार दिवस मला एका जागी बसवत नाही.

डबा तुम्हीच तिकडून पाठवला होता. इंग्लंडमध्ये फार पूर्वी कोळसा वाहणाऱ्या उघड्या मालडब्याची तळहाताएवढी प्रतिकृती, सुटे तुकडे जुळवून करायची. तुमच्या आजोबांची सारी नोकरी रेल्वेच्या यार्डात मालडबे तपासण्यात गेली. हातात हातोडी, खिशात खडू. नादुरुस्त डब्यावर खूण करून तो बाजूला काढायचा, ठीक असलेल्यावर 'फिट' लिहायचं. निवृत्तीनंतर पिपरी मेघेच्या या घरात माझं शिलाई मशीन सोडलं तर त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं.

मी आर्वीच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे सूचनांचा कागद मी वाचायचा आणि त्यांनी तुकडे चिकटवायचे, अशी वाटणी झाली. मी ओळीने वाचायची, ते माझ्यापुढे दोन ओळी गेलेले असायचे. आठवडाभरात डबा चाकांवर उभा राहिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "याले एकाच बाजूनं ब्रेक काऊन?"

आम्ही खोकं झटकलं, पलंगाखाली झाडून पाहिलं. ब्रेकचा दुसरा दांडा नव्हता. तुकडा कमी आला असं ठरवून त्यांनी मोडक्या छत्रीची तार कापली, तापवून वाकवली, काळी रंगवली आणि दुसऱ्या बाजूला चिकटवली. ती सुकल्यावर मी कागद पुन्हा वाचला, तेव्हा तळाची ओळ दिसली. या जुन्या डब्याला हाताचा ब्रेक एकाच बाजूला असे. मी ती वाचून दाखवली आणि तार काढायला सांगितली. कागदाप्रमाणे असावं, हा माझा स्वभाव.

"मंग तिकडच्या बाजूचा माणूस काय करन? डब्याले हात जोडन?" ते म्हणाले. "असा डबा मी यार्डातून जाऊ देत नाई."

तार राहिली. त्यांनी खडूला टोक काढून डब्याच्या अंगावर बारीक अक्षरांत 'फिट' लिहिलं. याला फडकं लावायचं नाही, असं मला बजावलं. तुम्ही फोटो मागितलात तर येऊन पाहा म्हणाले. तुम्ही यायच्या आत ते गेले.

मी फडकं लावलं नाही. धूळ फुंकरीने उडवायची. मागच्या आठवड्यात मात्र तुमच्यासाठी कपाट आवरायला घेतलं. हातात ओलं फडकं, डोक्यात गाद्या, उशा, पाण्याची टाकी. डबा उचलला, पुसला, जागेवर ठेवला. फडक्यावर पांढरं दिसलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून कपाटापाशी जाते, परत येते. चहा उतू जातो. गाद्यांच्या खोळी दोनदा बदलल्या. काल त्यांच्या चष्म्याच्या घरातून खडूचा तुकडा काढला आणि तव्याच्या काळ्या पाठीवर 'फिट' लिहून पाहिलं. चौथ्यांदा त्यांच्यासारखं जमलं. तुम्हाला कधीच ओळखू आलं नसतं. डबा हातात घेतला, खडू टेकवणार, तर पलीकडची तार बोटाला लागली. त्यांनी तपासल्याशिवाय तो शब्द कुठे लिहिला नव्हता, आणि मला डबा तपासता येत नाही. खडू परत ठेवला. तवा घासून टाकला.

अक्षरं गेली, माझ्याच हातून गेली. डबा आहे. छत्रीच्या तारेचा ब्रेक दुसऱ्या बाजूला अजून घट्ट आहे.