शैलाने नीट बसवलेली मेमरी

जे सांगणार आहे ते माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही, देवापुढेही नाही — देवापुढे हात जोडतो तेव्हा मी माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, "छे हो, तुम्ही असलं काही करणार नाही." हेच ऐकून माझं डोकं फिरतं. का नाही करणार? इंजिनियर आहे म्हणून? आवाज चढवत नाही म्हणून? मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टीम मी लावतो म्हणून?

आम्ही कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरोला राहतो. वीज कंपनीत नोकरी करून मी रिटायर झालो. शैला, माझी बायको, एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती, तीही आता घरीच असते. मुलगी गौरी लग्न होऊन जवळच राहते. आणि रिबेकाबाई. त्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारी, मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा शैलाला बर्फातले बूट कुठले घ्यायचे, बस बदलताना ट्रान्सफरची चिठ्ठी कशी मागायची, सगळं त्यांनी शिकवलं. वयाने आईएवढ्या, पण मैत्री अशी की दोघी स्वयंपाकघरात हसायला लागल्या की मी टीव्ही बंद करायचो. पुढे त्या मुलाकडे हॅमिल्टनला गेल्या, आणि तिथे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली.

जन्मभर पुस्तकं वाचलेली बाई ती. इंग्रजी ऑडिओ लायब्ररीत हवं तेवढं मिळतं, पण त्या म्हणाल्या, "मला मराठीत कोण वाचून दाखवणार गो?" शैला म्हणाली, "मी."

आणि खरंच बसली की! बेसमेंटमधल्या जुन्या डेस्कटॉपला माइक लावून एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली. तीन बहिणींची गोष्ट. मग त्यातला खोकला काढायचा, घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर काढायची, बाहेरून बर्फ काढणारा स्नो-प्लाव गेला असेल तर तेवढं वाक्य पुन्हा वाचायचं. सगळं यूएसबीवर भरून हॅमिल्टनला पाठवायचं. रिबेकाबाईंकडे मोठ्या बटणांचा प्लेअर होता, अंधांसाठीचा. त्या हेडफोन लावून ऐकायच्या आणि फोन करायच्या. फोनवर त्यांना धड ऐकू यायचं नाही, हिअरिंग एडची शिट्टी वाजायची, म्हणून स्वतःच ओरडून विचारायच्या, "पुढं काय झालं गो?" शैला सांगायला लागली तर आणखी मोठ्यानं ओरडायच्या, "सारांश नको मला! मी काय परीक्षेला बसलेय? वाचून दाखव!"

पण कॉम्प्युटर म्हातारा. रेकॉर्डिंग जरा लांबलं की स्क्रीन गोठायचा आणि अख्खं प्रकरण जायचं. शैलाने मला विचारलं, यात मेमरी वाढवता येईल का? मी पेपरातून डोकंही न काढता म्हणालो, "त्या जातीची मेमरी आता मिळत नाही. खोका आहे तो." तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "हे तुझं काम नाही."

मिळत नाही — हे मी कुठे तपासलं होतं? कुठेच नाही. जन्मभर अशी वाक्यं मी खात्रीने बोलत आलो आणि लोक माना डोलवत आले.

शैलाने मान डोलावली नाही. तिने यूट्यूब बघितलं. आपल्या मशीनला कुठल्या प्रकारची मेमरी लागते ते शोधलं, आत किती खाचा रिकाम्या आहेत ते शोधलं, एका जुन्या सामानाच्या दुकानातून तशाच मेमरीच्या दोन पट्ट्या आणल्या. दुपारी मी वर सोफ्यावर होतो. खाली ती काय करतेय ते मला कळत होतं, मुद्दाम गेलो नाही. ती फसेल आणि मला हाक मारेल याची वाट बघत होतो. हो, वाट बघत होतो!

हाक आली. "अहो! दाखवतोय! मेमरी डबल दाखवतोय!"

गेलो खाली. तिने वायर काढून ठेवली होती, आधी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली होती, धूळ ब्रशने झाडली होती, पट्टीची खाच बघून ती सरळ दाबली होती — दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसेपर्यंत. हे सगळं तिने मला हातवारे करून सांगितलं. मी तिचं काम बघितलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी काय म्हणालो? "बरं." एवढंच.

तिने लगेच गौरीला व्हिडिओ कॉल केला. गौरी जोरात हसली आणि म्हणाली, "वे टू गो, मॉम! अँड डॅड सेड इट वॉज इम्पॉसिबल!" शैलाही हसली. त्यात वाईट काहीच नव्हतं. कौतुकाचं हसू होतं ते, घरातलं, साधं. पण मी जिन्यात उभा राहून ते ऐकलं आणि माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं वाटलं मला. कशासाठी? माझं काय गेलं होतं? एका बाईने आपल्या मैत्रिणीसाठी एक यंत्र नीट केलं. यात माझं काय गेलं होतं, सांगा ना!

लगेच नका बोलू काही. तुम्ही मनात म्हणत असाल, पुरुषाचा अहंकार, त्या पिढीचे असेच. नको! त्या पिढीवर ढकलू नका. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी जे केलं नाही ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी शैला ग्रोसरीला गेली होती. मी बेसमेंटमध्ये गेलो. कॉम्प्युटरची बाजू उघडली. तिने बसवलेल्या एका पट्टीची क्लिप सोडली आणि पट्टी एका टोकाने किंचित वर उचलली. किंचितच — बाहेरून बघणाऱ्याला कळू नये इतकी. बाजू पुन्हा लावली, स्क्रू पिळले, वर येऊन चहा टाकला.

हे मी केलं. रागाच्या भरात वगैरे नाही, मी स्क्रू नीट आटे जुळवून पिळले.

संध्याकाळी तिने मशीन चालू केलं. काळा स्क्रीन आणि बीप, बीप, बीप. ती पत्रा उघडणार, तेवढ्यात मी जिना उतरलो. तिने एकदा आत बघितलं असतं तर तिला कळलं असतं. व्हिडिओत सांगितलेलंच होतं की बीप आला तर पट्टी काढून पुन्हा बसवा. म्हणूनच मी ओरडलो, "हात लावू नकोस! शॉर्ट झालंय ते!" ती दोन पावलं मागे सरली. आमच्या संसारात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्या न ओरडण्याची सगळी पुण्याई मी त्या एका वाक्यात वापरली.

रविवारी गौरी आणि जावई जेवायला आले तेव्हा मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून मशीन उघडलं. मनगटाला स्टॅटिक घालवणारा ग्राउंडिंगचा पट्टा लावला — नाटकाला वेशभूषा हवी ना! शैलाच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, उजेडाकडे धरून बघितल्या, मान हलवली. म्हणालो, "स्टॅटिकने जळल्यात. डोळ्यांना दिसत नाही, पण आत गेलेलं असतं." किती सोयीचं वाक्य! जे दिसत नाही त्याला पुरावा कोण मागणार? जुनी मेमरी तेवढी ठेवून मशीन चालू केलं. जावयाने टाळ्या वाजवल्या. गौरी आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "इट्स ओके मॉम, जस्ट लीव्ह इट टू डॅड नेक्स्ट टाइम."

शैला म्हणाली, "मी हात लावला होता हो पत्र्याला. आधी लावला होता."

मी म्हणालो, "नीट लागला नसेल."

त्या खोलीत कुणीही, एकानेही विचारलं नाही की काल चाललेलं आज कसं जळलं. का विचारलं नाही? तिघं शिकलेली माणसं! चिडायचं तर मी माझ्यावर चिडायला हवं, ते चिडतोच, पण त्या टाळ्यांचाही मला आज संताप येतो. इतकं सोपं असतं का हो? एका माणसाने गंभीर चेहरा केला की दुसऱ्याने नीट केलेलं काम बिघडलेलं ठरतं?

त्या चांगल्या पट्ट्या मी जुन्या बॅटऱ्यांबरोबर ई-वेस्टच्या डेपोत टाकून आलो.

यानंतर शैलाने त्या डेस्कटॉपला हात लावला नाही. मी सुटलो, असं समजू नका. मी पुढेही करत राहिलो. ती म्हणाली, तुम्ही रेकॉर्ड करून द्याल का, मी नुसतं वाचते. मी म्हणालो, बघतो. बघितलं नाही. नवीन कॉम्प्युटर घेऊया असं गौरी म्हणाली, तर शैला म्हणाली, "नको, तोही जाळीन मी." गौरी म्हणाली, फोनवर कर रेकॉर्ड, सोपं आहे. शैला म्हणाली, "माझ्या हाताला यंत्र लागत नाही ग." ही बाई डेंटिस्टच्या ऑफिसातली सगळी सिस्टीम एकटी चालवायची! हॅमिल्टनला जाऊन समोर बसून वाचते म्हणाली, तर हायवेवर ती गाडी चालवत नाही, न्यायचं मी. मी म्हणायचो आज स्नो आहे, आज फ्रीझिंग रेन आहे. उन्हाळ्यात म्हणायचो कन्स्ट्रक्शन आहे. खरं कारण सांगू? त्या दोघी पुन्हा भेटल्या, पुन्हा वाचन सुरू झालं, तर कुणीतरी कधीतरी विचारेल की मेमरीचं नक्की काय झालं होतं. मला भीती वाटत होती. अंध म्हातारीची भीती!

हळूहळू ती बाकीचंही सोडत गेली. प्रिंटर मी, वायफाय मी, बँकेचं ॲप मी. लोक म्हणतात, शैलाताई नशीबवान, सगळं अहोंच्यावर सोपवून मोकळ्या.

कादंबरी अर्ध्यावर राहिली होती. धाकटी बहीण घर सोडून गेलेली असते, ती कडेवर मूल घेऊन परत येते आणि दारावर थाप मारते. आत आई उभी असते. तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग रिबेकाबाईंकडे पोचलेलं होतं.

या वसंतात रिबेकाबाई गेल्या. त्यांच्याकडे सात दिवस दुखवट्याला बसतात, तेव्हा आम्ही हॅमिल्टनला गेलो. त्या दिवशी मला हायवे बरोबर सापडला. त्यांच्या मुलाने शैलाला जवळ बसवलं. तो मराठी मोडकंतोडकं बोलतो. म्हणाला, "आँटी, मम्मी तो लास्ट पार्ट रोज ऐकायची. मग मला सांगायची, आई दार उघडणार. कधी म्हणायची, नाही उघडणार, ती बाई हट्टी आहे. यू नो, शी वॉज सो मॅड अॅट दॅट मदर." तो हसला आणि मग रडला. मग त्याने विचारलं, "उघडलं का दार?"

शैलाने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "उघडलं रे. लगेच उघडलं." आणि मग सगळ्यांसमोर, बसलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "मीच मोडलं सगळं. मला येत नव्हतं, तरी हात घातला. नाहीतर ऐकून गेल्या असत्या त्या."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. पुढ्यात दुखवट्याची कडक उकडलेली अंडी आणि चहा. बोलायला तोंड रिकामं होतं माझं. बोललो नाही.

परत येताना हायवेवर ट्रॅफिक साचला होता. शैला खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग म्हणाली, "तुम्ही नको म्हणत होतात, मी ऐकलं नाही."

आणि मी काय म्हणालो, ऐका. मी म्हणालो, "जाऊ दे ग. होतं असं माणसाकडून."

मी तिला माफ केलं! कळतंय तुम्हाला? ज्या पट्टीचं टोक मी माझ्या बोटांनी उचललं, त्या पट्टीबद्दल, त्या अर्ध्या राहिलेल्या पुस्तकाबद्दल, त्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीबद्दल मी माझ्या बायकोला माफ केलं. अगदी मऊ आवाजात.

तिने गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत मला. दुसरा कुणी असता तर जन्मभर टोचत राहिला असता."

मी तेही ऐकून घेतलं. इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि तिला घरी घेऊन आलो.