अंगठा माझा, मर्जी माझी

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मागाहून चहा अंगावर सांडला तर मला बोल लावू नका!

माझं अर्धं डोकं दुखतं, हे आमच्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याला ठाऊक आहे. घरच्या गणपतीच्या आरतीला झांज माझ्याच हातात असायची, लग्न झाल्यापासून! पण गेल्या वर्षी पहिल्याच ठोक्याला डोक्यात अशी कळ आली, की मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. आणि झांज कुणी उचलली? वन्संनी! माझ्या नणंदबाई, राहायला गल्लीच्या टोकालाच. "वहिनी, तू पड जरा. झांज आता मीच सांभाळते."

सांभाळते म्हणे! तेव्हाच ठरवलं, डोकं बरं करायचं आणि झांज परत घ्यायची.

गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा टावर चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन सुचवलं. डोक्याला बाहेरूनच चुंबकाची चकती लावायची. चीरफाड नाही, सुई नाही. वन्सं ओरडल्या, "अगं, डोक्याला करंट? बावळी होशील!"

झालं! वन्संनी नको म्हटलं म्हणजे मी जाणारच.

खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आंटी, पहले पावर सेट करेंगे। धीरे-धीरे बढ़ाएँगे। अँगूठा अपने आप हिलेगा, उसी से आपका नाप मिलेगा।"

अपने आप? माझा अंगठा, माझ्या मर्जीशिवाय? अहो, जिला सासूबाई जागच्या हलवू शकल्या नाहीत, तिला हे मशीन हलवणार? शिवाय मनात आलं, अंगठा हलेपर्यंत पावर वाढणार असेल, तर आपणच हलवून टाकू की!

पहिली टक झाली आणि मी अंगठा उडवला.

"अरे वा, इतने कम पे?" त्या चकित. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, मी दर टकेला उडवला. माप ठरलं. मी खूश!

मग रोज जायचं, टकटक ऐकायची, घरी यायचं. डोकं होतं तसंच. गणपती महिन्यावर आले आणि माझं टाळकं फिरलं. भाजीवाली, शेजारणी, देवळातल्या बायका, दिसेल तिला सांगत सुटले, "सब ढकोसला है! नुसतं थोतांड!" शेवटी वन्संनाच हाताला धरून नेलं, साक्षीदार म्हणून.

आत शिरले ती तोफ डागतच. "रत्तीभर फरक नहीं पड़ा! मशीन आपकी खराब है!"

बाई शांत. "बैठिए आंटी, नाप फिर से देख लेते हैं।" त्या माझ्या मागे गेल्या, डोक्याला काहीतरी टेकलं. टक! मी अंगठा उडवला, चांगला ऐटीत, वन्संना दिसेल असा.

बाई माझ्यासमोर आल्या.

"आंटी," त्या हळूच म्हणाल्या, "मैंने तो बस पेन टिकाकर उसका बटन दबाया है। मशीन अभी चालू नहीं की।"

वन्संनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मान खाली घातली का? छे! म्हटलं, "चलाओ फिर! देखते हैं!"

मग खरं माप झालं. मी अंगठ्याला मनातल्या मनात दम भरत होते, खबरदार हललास तर! टक झाली आणि मेला आपला आपण उडाला. फितूर कुठला!

त्या मापावर पुढचे दिवस गेले आणि खोटं कशाला बोलू, कळ कमी झाली. अगदी गेली नाही, पण झांज सोसेल इतकी उतरली.

गणपती बसले. घर माणसांनी भरलेलं. मी वन्संच्या हातातून झांज काढूनच घेतली. द्यायला लागलीच त्यांना! सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि असा दणका दिला, की पोरं दचकली. डोक्यात कळ नाही, काही नाही!

पण सगळे माझ्याकडेच का बघतायत? वळून पाहिलं, तर ह्यांच्या हातात अजून काडेपेटी. निरांजन लागायचंच होतं, आरती कुठली!

आणि वन्सं, भरल्या घरात, अगदी त्या डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, अंगठा आवर. मशीन अभी चालू नहीं की!"