सुरतेच्या वाटेला लागलेली माय

गणपती बोळवायची सवय असलेल्या माणसाच्या हाती कानबाई देऊ नये, हे मी स्वतःवरून सांगतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नोकरीपायी आयुष्य बाहेर गेलं आणि एरंडोलकडचं, गिरणाकाठचं आमचं मूळ गाव विसरल्यासारखंच झालं होतं. त्या श्रावणात मात्र नदी, हिरवं शिवार आणि 'आपली लोकसंस्कृती' बघायला बायकोला घेऊन गेलो. देवाधर्मावर तेव्हा माझा विश्वास बेताचाच. उतरलो अक्कांकडे; अक्का म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची विधवा.

रविवारी घरात कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसली. नथ घातलेला, कुंकू ल्यालेला नारळ हीच देवी. अक्कांना तो सासूने दिलेला, सासूला तिच्या सासूने. सोमवारी वाजतगाजत नदीवर गेलो. पाण्यात उतरायचा मान घरातला थोरला म्हणून माझा. मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो, भक्तिभावाने डोळे मिटले आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत नारळ सोडून दिला.

मागे डफ एकदम थांबला.

"भाऊ, माय कोठे शे?" अक्कांनी विचारलं.

"सोडली की!"

"अरे, तिले आंग धोईसन घर लयनी व्हती ना रे!"

आमच्या घरी देवीला नदीत न्हाऊ घालून परत आणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणार तरी कोण? घरच्या माणसाला कोणी असलं सांगतं का? गढूळ पाण्यात नारळ केव्हाच दिसेनासा झाला होता. एक म्हातारी पदराआडून पुटपुटली, "भाऊनी मायले सुरतले धाडी दिन्हं!" गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेला जाते, म्हणून बायका हसल्या, पण अक्का वाळूतच बसल्या. पिढ्यांचं दैवत त्यांच्या हातून गेलं होतं, माझ्यामुळे. कोरडं असं माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं, शहाणपणसुद्धा. मी तसाच पाण्यात उभा राहून हात जोडले. काय मागावं तेही सुचेना. एवढंच म्हटलं, "माये, चूक माझी आहे, अक्कांची नाही. आता तुला काय करायचं ते कर."

किती वेळ गेला कोण जाणे. खालच्या वळणावरून हाक आली, "बठ्ठा जन पानीमा काय दखी राहिनात? तुमनी माय तं आठे शे!"

खांद्यावर ओलं जाळं टाकलेला एक म्हातारा भोई येत होता आणि त्याच्या दोन्ही हातांत नथीसकट आमची माय. एवढ्या गढूळ पाण्यात तो कधी जाळं टाकत नसे. आज का टाकलं, तर म्हणे सहज. मी त्यावर वाद घालत नाही.

डफ असा कडाडला की मी, पोट सुटलेल्या कारकुनाने, वाळूत फुगडी घातली! देवीला डोक्यावर घेऊन अख्खी मिरवणूक नाचत घरी आली. तिथे आणखी एक नवल घडलं. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत. पण अक्कांनी भोईबाबांना माझ्या शेजारी पाटावर बसवलं आणि रोट वाढला. कोणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, "मायले घर लयना, तो भाऊबंदच शे."

त्या दिवसापासून हात जोडताना मी फारसं काही मागत नाही. हातातलं निसटलं की तिच्यावर सोपवतो. परतीच्या एसटीतच मी हे बायकोला जरा गंभीरपणेच सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही सगळं नीट केलं असतंत, तर मला भोईबाबांसारखा एक दीर कमीच राहिला असता. पण पुढल्या वर्षी पाण्यात मी उतरणार. तुम्ही काठावर उभे राहा, कोणाला हात न लावता."