सेमीफायनलच्या दिवशीची सावड

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे दोरीवरची जर्सी.

सेमीफायनलची सकाळ. साडेनऊ वाजलेले. गोडाऊनच्या पत्र्याखाली वाळत घातलेल्या सहा जर्सींपैकी पाच अंगावर चढल्या होत्या आणि चार नंबरची तशीच लोंबकळत होती. चार नंबर म्हणजे सुनंदा, आमची कॅप्टन.

"सुनंदा अजून आली नाही," मी म्हणाले.

"तुला काल पंख्याचा आवाज पण वेगळा वाटत होता," रुखसार बुटाची नाडी आवळत म्हणाली.

हे मात्र खरं आहे. मला रोज काहीतरी खटकतं. कुकरच्या शिट्टीला मी दचकते, मोबाईलच्या व्हायब्रेशनला दचकते, एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकले होते. त्यामुळे माझ्या खटकण्याला संघात काडीची किंमत नाही.

त्या जर्सीचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी बाकीचं सांगावं लागणार. आमच्या संघाचे किस्से म्हणजे किटबॅगेत कोंबलेले ओले सॉक्स आहेत. एक ओढला की चार बाहेर येतात, आणि वास सगळ्यांनाच!

* * *

आम्ही म्हणजे भोर-वेल्ह्याकडच्या सहा मुलींचा इनलाइन हॉकीचा संघ. एका रांगेत चार चाकं असलेले बूट घालायचे, हातात काठी घ्यायची आणि प्लॅस्टिकची एक चकती, तिला पक म्हणतात, ती समोरच्यांच्या जाळ्यात मारायची. एवढाच खेळ. वरवे बुद्रुकला एक रिकामं गोडाऊन आहे, त्याची फरशी काचेसारखी. बांदल सर शाळेतून रिटायर झालेले पीटीचे शिक्षक. ते हा खेळ मोबाईलवर बघून शिकले आणि त्याच फरशीवर त्यांनी आम्हाला शिकवला.

मी गोलकीपर कशी झाले? निवडीच्या दिवशी मी फक्त मैत्रिणीची पर्स सांभाळायला गेले होते. जाळ्याजवळ उभी होते. तेवढ्यात कोणीतरी पत्रा पाडला. मी अशी उडाले की हात आपोआप वर गेले, आणि सुनंदानं मारलेला पक सरळ माझ्या पंजात येऊन बसला.

सर धावत आले. मला वाटलं, विचारतील लागलं का.

"हिला शिकवायचं नाही," सर बाकीच्यांना म्हणाले, "हिला फक्त घाबरवायचं!"

तेव्हापासून समोरून कोणी शॉट मारायला काठी उगारली की आमच्या पोरी एका सुरात ओरडतात, "साप!"

मला माहीत असतं साप नाही. तीन वर्षं माहीत आहे. तरी हात जातातच!

* * *

मग या गोडाऊनात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दावर फार ताण देऊ नका. पाच संघ, त्यातले तीन परदेशी. पण परदेशी म्हणजे खरोखर परदेशी! पासपोर्टवाले! आम्ही यजमान, म्हणून आम्हाला प्रवेश मिळाला. खेळ बघून मिळाला असता का, हे आम्ही सरांना विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही.

उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यांनी आमचे स्केट्स हातात घेऊन उलटसुलट केले.

"हॉकी ना ही? मग पायात चाकं कशाला?"

"साहेब, लवकर संपावी म्हणून," सर म्हणाले.

पाहुण्यांना ते पटलं. मग नारळ फोडायचा होता. नारळ आपण दारात फोडतो. पण पाहुणे म्हणाले, खेळ जिथं सुरू होतो तिथं फोडू. आणि त्यांनी रिंकच्या बरोब्बर मध्यावर, त्या काचेसारख्या फरशीवर, नारळ आपटला!

पाणी सगळीकडे. परदेशी पंचबाई पहिल्याच शिट्टीला पुढे आल्या आणि थेट जाळ्यात गेल्या. बसून. स्पर्धेतला पहिला गोल तो.

मला इंग्रजी येतं म्हणून दुभाषी मीच. बाईंनी उठून विचारलं, की फरशीवर फळ फोडण्यामागे काय उद्देश होता? मी घाबरून म्हणाले, "कोणाला काही इजा होऊ नये म्हणून."

बाईंनी कंबर चोळत माझ्याकडे बघितलं.

* * *

स्पर्धा जुलैत का, हा प्रश्न फक्त आमच्या घरच्यांना पडला. जुलै म्हणजे भाताची लावणी! परदेशी संघांना तोच महिना सोयीचा होता, आणि सरांनी इंग्रजी ई-मेलला घाईघाईनं 'यस' लिहून टाकलं होतं.

आता आमच्याकडे लावणी सावडीनं चालते. तुम्ही माझ्या खाचरात एक दिवस रोप लावलं, की मी तुमच्या खाचरात एक दिवस येणार. पैशानं ते फिटत नाही, सबबीनं तर नाहीच. हाक आली की त्या दिवशी जायचं. वरात असली तरी नवरदेवानं आधी रोप लावून मग घोड्यावर बसायचं, असं सुनंदा म्हणते, आणि ती चेष्टा करत नसते.

प्रॅक्टिस बंद पडायला आली तेव्हा सुनंदानंच तोड काढली. "आपण समद्या मिळून एकेकीचं खाचर उरकू. येक दिवस हिचं, येक दिवस तिचं. मंग सकाळच्याला समद्या मोकळ्या."

पाच दिवस आमचा संघ चिखलात होता. रुखसारचं घर भोर शहरात, वडिलांचं पंक्चरचं दुकान, शेत नावालाही नाही. तरी ती आली. सरही आले, शिट्टी गळ्यात घालून. कमरेत वाकून मागे मागे सरकणारी सुनंदा दाखवून आम्हाला म्हणाले, "बघा! हीच पोझिशन पाहिजे मला रिंकवर. पाठ बघा हिची! दिवसभर वाकते आणि हूं की चूं नाही!"

माझ्या पायावरून खेकडा गेला. मी उडाले ते शेजारच्या खाचरात.

सुनंदाची चुलती, आम्ही तिला काकी म्हणतो, बांधावरून ओरडली, "अगं ये सुनंदे, ही पोर रोप लावाया आणली का भुजगावणं म्हणून?"

काकी आमच्या सगळ्यांसोबत राबली. तिचं स्वतःचं खाचर तेवढं राहिलं, कारण ते गुंजवण्याच्या रस्त्यालगत, उंचावर आहे आणि पाणी तिथं सगळ्यात शेवटी साचतं. तिचा एक दिवस सुनंदाच्या घराकडे बाकी राहिला. काकीनं तेव्हाच बजावलं होतं, "पानी हुभं र्‍हायलं की हाक मारीन. मॅचबिच मला सांगायची न्हाई."

* * *

पण सुनंदाच्या घरी दुसरंही एक ठरलं होतं. राष्ट्रीय शिबिरासाठी मुली निवडणारे दोघे जण फक्त सेमीफायनल बघायला येणार होते. शिबिरात नाव आलं तर पोरगी खेळेल. नाही आलं, तर दिवाळीनंतर हायवेवरच्या कंपनीत पॅकिंगला. तिचे वडील हे सांगताना रागावले नव्हते की काही नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी.

सुनंदानं ते आम्हाला एकदाच सांगितलं. मग म्हणाली, "साप ओरडायला इसरू नका हिच्यावर. मी गोल मारते, ही आडवंल, झालं."

* * *

सेमीफायनलला समोर होता नामिबियाच्या एका क्लबचा संघ. वाळवंटाच्या देशातल्या मुली. त्यांना 'किल्ला दिसेल अशी जागा' हवी होती, म्हणून त्यांची सोय गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी केली. जुलैत किल्ला कुठला दिसतोय! आठ दिवस त्यांनी पांढरं धुकं बघितलं. पण पोरी खूश! रेनकोट घालून बांधावर उभ्या राहायच्या आणि चिखलाचे फोटो काढायच्या. गावातले लोक त्यांचे फोटो काढायचे.

त्यांची कॅप्टन हिल्मा, सहा फूट उंच. तिनं सुनंदाला सोप्या इंग्रजीत विचारलं, "हा पाऊस बंद कधी होतो?"

"दिवाळीला," सुनंदा म्हणाली.

हिल्मानं तारीख विचारून मोबाईलमध्ये लिहून घेतली.

साखळी सामन्याच्या आदल्या दिवशी हिल्माच्या स्केटची चाकं चिखलानं जाम झाली. रुखसार तिला घेऊन वडिलांच्या दुकानात गेली. त्यांनी बेअरिंग काढली, रॉकेलात धुतली, ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं आणि चाक बोटानं फिरवून दाखवलं. ते चहा येऊन संपेपर्यंत फिरत होतं.

"आता थांबायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिल्मानं माझ्यावर तीन गोल मारले. पोरींचं 'साप' ओरडून होईपर्यंत पक जाळ्यात! आम्ही सामना हरलो. मी रुखसारकडे बघितलं.

"काय करणार," ती म्हणाली, "गिऱ्हाईक होतं अब्बांचं."

* * *

तर ती जर्सी.

नियम असा : ठरलेल्या वेळी सहा जणी रिंकवर हजर पाहिजेत. आमच्याकडे बदली म्हणून कोणी नाही, आम्ही आहोतच सहा. अकराला पाचच दिसल्या तर सामना न खेळता नामिबियाचा.

पावणेदहाला मी सुनंदाला पहिला कॉल लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दहाला पुन्हा. पुन्हा तेच. मग तिच्या वडिलांना लावला, स्विच ऑफ. काकीकडे स्वतःचा मोबाईल नाही. सव्वादहाला निवड करणारे दोघे येऊन खुर्चीवर बसले आणि आल्या आल्या त्यांनी यादीत बोट ठेवून विचारलं, "चार नंबर कोणती?"

"चाकांना तेल घालतीय," सर म्हणाले. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका सांगणारा माणूस!

मग रुखसारनं, कोणी न विचारता, ती गोष्ट सांगितली. काल संध्याकाळी गुंजवण्याकडे धो धो झाला होता. उंचावरच्या खाचरातही पाणी साचलं असणार.

हाक आली होती, हे आता सांगायला कोणी नको होतं. आणि सुनंदा गेली असणार, हेही.

"निदान सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर आपण सगळ्या तिकडं गेलो असतो," रुखसार म्हणाली. "मग सहाच्या जागी शून्य झालो असतो."

साडेदहाला पंचबाई आल्या. मी भाषांतराला उभी राहिले. त्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं, नामिबियाचा संघ कुठे आहे?

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आम्ही आमचीच डोकी मोजत बसलो होतो, समोरच्या बाकाकडे कोणी बघितलंच नव्हतं. तिथं एकही बॅग नव्हती! गुंजवण्याहून त्यांची गाडी सातलाच निघणार होती. त्यांच्या मॅनेजरचा फोनही लागेना. पंचबाईंनी नियमाचं पुस्तक उघडलं. एक संघ नसला तर काय, हे त्यात होतं. दोन्ही नसले तर काय, हे त्यांना सापडेना.

"दरड!" मी किंचाळले. "रस्त्यात दरड आली असणार! गाडी खाली—"

"गप ए!" सर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मी दचकले, आणि हात वर गेले. समोर कोणी शॉट मारत नसताना.

दहा चाळीस. मी कोपऱ्यात जाऊन नुसती बटण दाबत होते. सुनंदा, सुनंदा, सुनंदा. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. एकतीस वेळा झालं असेल. मग एकदम, ट्रिंग, रिंग वाजली. मी दचकून फोनच टाकला. उचलला, कानाला लावला. रिंग वाजतच होती.

आणि कोणीतरी उचलला. सुरुवातीला नुसता पावसाचा आवाज आला, मग कोणीतरी भाकरी चावत असल्याचा.

"कोन हाय?"

"काकी? काकी, मी! प्राजक्ता! सुनंदा कुठंय? काय झालं? कोणाला लागलं का?"

"वरडू नगंस, कान फाटला माजा. सुनंदा गेली की मगाशीच, मोबाईल हितंच बांधावर इसरून. त्या हिल्माच्या गाडीत बसून समद्या निगाल्या, आता पोचत्याल तिकडं." काकीनं घोटभर पाणी प्यायलेलं मला ऐकू आलं. "सुनंदा येकलीच लावत हुती. ह्या पोरींनी गाडीतनं तिला वळखलं, पटापटा खाली उतरल्या, बूट काडलं आन शिरल्या की खाचरात! वाकडं लावलंय काय काय ठिकानी, पर उरकलं बग दोन तासात. बारा जनी व्हत्या, म्या मोजल्यात."

"काकी, पण—"

"आधी माजं ऐक. तुला इंग्रजी येतं न्हवं? मंग तेवडं इचारून ठेव त्यास्नी. आता सावड फेडाया आमाला जावं लागंल. बारा दिस हायेत. तर त्यांच्या गावात लावनी कंच्या म्हैन्यात असती?"