वरच्या काकू आणि मोबाइलमधले सर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतक्या निर्भयपणे ‘मला कळलं नाही’ म्हणणारं माणूस अख्ख्या विश्रांतवाडीत दुसरं सापडायचं नाही. इंग्लिश मीडियमच्या शाळेत सगळी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढलेल्या मला तर त्या चमत्कारच वाटतात. लग्नात सुटलेलं बी.ए. त्यांनी साठीला टेकल्यावर घरबसल्या पुन्हा सुरू केलं. पुस्तकं पोस्टानं येतात आणि शिकवायला मोबाइलमधलं एआय. त्याला त्या ‘सर’ म्हणतात. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा, इस्त्रीची साडी नेसून समोर बसायचं आणि कुकरची शिट्टी झाली तरी ‘सर, आलेच हं’ असं सांगूनच उठायचं. हळदीकुंकवासाठी तर त्यांनी आदल्या दिवशी रीतसर रजा मागितली होती. त्याला काय कळतंय, असं मी पुटपुटले, तर म्हणाल्या, “त्यांना नसेल कळत. मला कळतं ना.”

अडला होता तो फक्त अर्थशास्त्राचा पेपर. त्यात त्या दोनदा नापास झालेल्या. यंदा शेवटची संधी, नाहीतर पदवी हुकणार. सर मात्र प्रत्येक उत्तराला ‘वा, फार सुंदर मांडलंत’ म्हणायचे. एकदा काकूंनी मागणी वाढली की भाव उतरतात असं ठोकून दिलं. तरीही आधी भरपूर कौतुक आणि मग हळूच दुरुस्ती. काकूंनी चष्मा काढला. “अहो सर, पुण्यात एवढं कौतुक कुणी करत नाही. आजपासून ते बंद. उत्तरही सांगायचं नाही. चूक दाखवायची आणि पुढचा प्रश्न विचारायचा.”

सरांनी निमूट ऐकलं. तेव्हापासून जिन्यात रोज आवाज यायचा, “चूक. पुन्हा सांगा.” काकू हरखून जायच्या, भाजीवाल्याशी कांद्याच्या भावावर चर्चा करून यायच्या आणि पुन्हा सांगायच्या. एकच गोष्ट इतक्या वेळा चुकायला लाज कशी वाटत नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

परवा निकाल लागला. काकू पास झाल्या. मला वर बोलावून त्यांनी माझ्यासमोरच सरांना बातमी दिली. सर म्हणाले, “ठीक. पुढचा विषय कोणता?”

“सांगितलेलं ऐकतात हो,” असं म्हणून काकू हसल्या. मग पदर सारखा करत माझ्याकडे वळल्या. “तू तरी म्हण की गं काहीतरी.”

माझ्या तोंडून पटकन काही निघत नाही. बरेच शब्द शोधून मी शेवटी ‘अप्रतिम’ एवढंच म्हणाले, तेही खालच्या आवाजात.

“पुन्हा सांग,” काकू म्हणाल्या.